काचेवरचे पेंटर

आमच्या व्याह्यांनी जितक्या माणसांना कोट घातले, तितके वसईतल्या कुठल्याही शिंप्याने घातले नसतील. सगळे कोट निळे, सगळे एका मापाचे, आणि घालणारी सगळी माणसे देवाघरी गेलेली. आमच्या पापडी गावात कोणी वारले की घरचे फोटो शोधायला लागतात आणि बनियनमधला, नाहीतर कोणाच्या लग्नात तोंडात घास असतानाचा एक फोटो सापडतो. तो व्याह्यांकडे येतो. व्याही त्यातले डोके तेवढे उचलतात आणि निळ्या कोटावर बसवतात. आयुष्यभर लंगोटी लावून केळीला पाणी दिलेला माणूस बँकेच्या साहेबासारखा फ्लेक्सवर उभा राहतो. एकदा घाईत एका म्हातारीलाही कोट गेला. तिचा मुलगा बघून म्हणाला, "राहू दे, घरात तिचंच चालायचं."

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. सारा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि होड्यांची नावे ब्रशने रंगवली. मग फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात वाळून गेले. त्या वेळी माझ्या मुलीने त्यांना एक टॅब आणि त्यावर काढायचा पेन आणून दिला. मला ती पाटीच वाटली. मी चौथीपर्यंत शिकले, पाटीच ओळखते. व्याह्यांनी मात्र तिला भिंत समजून काम सुरू केले. पेन कानावर खोचलेला असतो. चित्र झाले की ते काचेवर फुंकर मारतात, मग टॅब पडवीत उन्हाला तिरका लावून ठेवतात आणि जवळ गेलेल्याला ओरडतात, "हात नको लावू, ओलं आहे." एकदा त्यांनी तो उन्हात इतका वाळवला की तो बंदच पडला, आणि ते दिवसभर त्याला वारा घालत बसले.

त्या काचेवर दोन बोटे टेकवली की शेवटची रेघ पुसली जाते. या सोयीची त्यांना इतकी सवय झाली की फाटकाला चुकून हिरवा रंग लागला तेव्हा त्यांनी आधी फाटकावर दोन बोटे टेकवून पाहिली. विहीणबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेराविषयी एकदा नको ते बोलून गेले आणि त्याच क्षणी त्यांची दोन बोटे जेवणाच्या टेबलावर आपटली. विहीणबाई म्हणाल्या, "काचेवर चालतं ते. माझ्यावर नाही."

घरी आलेल्या माणसाला ते चहाच्या आधी ही कला समजावून सांगतात. "डिजिटल कला म्हणजे एक झाड नाही, वाडी आहे. त्यात केळी पण आली, पानवेल पण आली आणि अळू पण आलं." मग वाडी फिरवतात. पेनाने काढायचे ते एक. त्यात थर असतात, आकाश वेगळे, झाड वेगळे, माणूस वेगळा. माणूस काढून टाकला तरी मागचे झाड शाबूत राहते. हे ऐकून विहीणबाई म्हणाल्या की हे बाईच्या जातीला आधीपासून माहीत आहे. दुसरे, फोटो कापून जोडायचे, म्हणजे कोट. तिसरे, बारीक बारीक चौकोन भरून चित्र करायचे. त्यांनी असा कोंबडा केला होता. मी बघितला आणि मनात म्हटले, ही तर दसुती, शाळेत रुमालावर आम्ही असाच कोंबडा भरायचो. लाजेने बोलले नाही. चौथे, सगळ्या बाजूंनी फिरवता येईल असे भरीव चित्र. त्यासाठी त्यांनी दुधी निवडला आणि आल्यागेल्याला तो खालून दाखवला. पाचवे, हलणारे चित्र. नाताळच्या गोठ्यामागे त्यांनी चादर लावून उजेडाची मेंढरे चालवली. मेंढरे छान चालली, फक्त उलटी. बाळ येशूकडे पाठ न करता ती मागे मागे जात नाहीशी झाली. फादर म्हणाले, "आदर दिसतो." तेव्हापासून व्याही सांगतात की ते मुद्दामच केले होते.

अशा माणसाकडे मी काम घेऊन गेले, हे मला अजून खरे वाटत नाही. माझ्या भावाने चंदनसारला नवीन घर घेतले होते. घराच्या आशीर्वादाला फादर येणार होते आणि भावाला भिंतीवर आईवडील दोघे हवे होते. वडील होते, निळ्या कोटात. आईचा फोटोच नव्हता. ती गेली तेव्हा मी चौथीत होते, भाऊ दीड वर्षाचा. त्याला तिचे काहीच आठवत नाही. बाजूचा खिळा त्याने आधीच ठोकून ठेवला होता.

व्याही पडवीत टॅब घेऊन बसले. पुरुषमाणसासमोर बसून आईचे नाकडोळे सांगायचे मला जमेना. मी स्वयंपाकघरात उभी राहून विहीणबाईंच्या कानात सांगायची आणि त्या भाकरी थापता थापता बाहेर ओरडायच्या.

"नाक एवढं मोठं नव्हतं म्हणते."

"मग कमी करतो."

"आता फारच कमी झालं म्हणते."

"बाय तिथून बघते तरी का?"

"बघते. दाराच्या फटीतून."

पहिली आई माझ्या मावशीसारखी झाली, दुसरी विहीणबाईंसारखी. विहीणबाईंनी बघून सांगितले, "दुसरं तोंडच येत नाही यांना." मग व्याह्यांनी वाडीतले शेवटचे झाड बाहेर काढले. शब्द लिहायचे आणि यंत्राने चित्र करून द्यायचे. त्यांनी लिहिले, वसईची बाई, भाजीची टोपली, मागे डोंगर. बाई आली ती नटीसारखी, टोपलीत सफरचंदे आणि डोंगरावर बर्फ. विहीणबाई म्हणाल्या, "पापडीत बर्फ पडायला लागला तर आधी मला स्वेटर आणा."

सगळे हसले, मीही हसले. मग मला रडू आले. कारण तेवढ्यात मला कळले होते की चूक व्याह्यांची नाही. सांगणारीलाच आईचा चेहरा आठवत नव्हता. नाक, डोळे, सगळे मी मनाने सांगत होते. आठवडाभर भावाला काय तोंड दाखवू एवढेच डोक्यात होते.

विहीणबाईंनी मला हाताला धरून बाहेर आणून बसवले. व्याही काही विचारतील असे वाटले, पण त्यांनी काच पूर्ण पांढरी केली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले, "चेहरा राहू दे. आईला आठवलं की काय दिसतं?"

"पाठ," मी म्हटले. विहीणबाईंच्या मध्यस्थीशिवाय मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द असावा.

"पाठ कशी?"

"सकाळी भाजी घेऊन ती बाजाराला निघायची. आम्ही बांधापर्यंत मागून जायचो. डोक्यावर टोपली, त्यामुळे तिला वळून बघता यायचं नाही. चालता चालताच बोलायची, घरी जा, घरी जा म्हणून."

मग मी दुपारभर बोलले. डावा खांदा खाली. लुगड्याचा काष्टा ओलसर. मानेवर चुंबळीची सुटलेली चिंधी. बांधावर पाय टाकताना आधी टाच. व्याही काढत होते, मी "नाही" म्हटले की दोन बोटे टेकवत होते, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः एक शब्द बोलत नव्हते. ऊन उतरले तेव्हा ती चालत होती. चित्र हलते नव्हते, तरी चालत होती.

घराच्या आशीर्वादाला भिंतीवर वडील कोटात समोर बघत आणि शेजारी आई पाठमोरी, केळींतून निघालेली. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले आणि विचारले, "ही बाई कुठे चालली?"

"बाजाराला," मी सांगितले.

भाऊ चित्राजवळ येऊन उभा राहिला. मला वाटले, तो आता म्हणेल, तोंड कुठे आहे. तो म्हणाला, "अक्का, तू कुठे आहेस यात?"

"मी मागे आहे. मागून बघते आहे."

"आणि मी?"

"तू माझ्या कडेवर."

तो पुन्हा चित्राकडे वळला. "म्हणजे मीपण बघितलंय तिला," तो हळूच म्हणाला.

व्याही तेव्हा हातात पाण्याचा ग्लास घेऊन आमच्या मागेच उभे होते. एरवी त्यांनी थर समजावले असते, केळीची पाने कशी केली ते सांगितले असते. ते गॅलरीत गेले आणि समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीकडे तोंड करून दोन बोटांनी डोळे टिपू लागले. विहीणबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, तरी आत आले नाहीत.