घोडेवाल्याचा दुसरा भाग

इथं सगळेजण कोणत्या जुन्या गेमचा पुढचा भाग निघायला हवा ते लिहीत आहेत, म्हणून मीही लिहायला बसले... पण माझी गोष्ट उलटी आहे. आमच्या गेमचा दुसरा भाग कुणी काढलाच नाही, तरी मी तो पाहिला. भर दुपारी, माहेरच्या घरात, आई शेजारी बसलेली असताना. आधीच सांगते, मी वसमतला मेडिकल स्टोअर चालवते. भूत-करणीच्या गप्पा मारत कुणी काउंटरवर रेंगाळलं तर हातात गोळ्या देऊन वाटेला लावते. दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही.

माहेर हट्ट्याचं. मी आणि धाकटा भाऊ गणेश शाळेत असताना बाबांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटचा. त्यातल्या एका गेमचं नाव कुठल्याशा परक्या लिपीत होतं, आम्ही त्याला ‘घोडेवाला’ म्हणायचो. गाव जाळून पांढऱ्या घोड्यावर पळालेला एक चोर आणि त्याच्या मागे लागलेले दोन स्वार. तांबडा घोडा गणेशचा, निळा विलासचा, स्वारांचे सदरेही त्याच रंगांचे. विलास आमच्या गल्लीतला, गणेशचा जिगरी दोस्त. मी फक्त कॅसेटला फुंकर मारायचे, कारण माझ्या फुंकरीशिवाय ती चालत नाही असं दोघांचं ठाम मत होतं. शेवटी एक लाकडी पूल यायचा. चोर पूल ओलांडून पसार, आणि पडद्यावर मोठ्ठा २ चा आकडा. खेळ खलास.

हे गणेशला कधीच पचलं नाही. लग्नाच्या वयाचा झाला तरी नांदेडला गेला की जुन्या गेमच्या दुकानात चौकशी करायचा. “ताई, चोर सुटला म्हंजे काय? असं कुठं ऱ्हातं का? दुसरा भाग असंलच बघ.” मी त्याची टिंगल करायचे.

गेल्या वर्षी मोंढ्याच्या बाजारातून मोटारसायकलवर घरी येताना एका गाडीनं त्याला मागून उडवलं. गाडी थांबली नाही. बऱ्याच वेळानं कुणीतरी पाहिलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचला असता... ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तो ड्रायव्हर हाती लागला असता तर मी त्याला कच्चं खाल्लं असतं, खोटं कशाला बोलू. पण कुणी काही पाहिलंच नव्हतं म्हणे. पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालताना विलास माझ्यासोबत असायचा. त्याची स्वतःची पिकअप होती, तिच्यातूनच न्यायचा. “घावू दे त्याला ताई, म्या सोडणार न्हाई,” असं दर वेळी म्हणायचा.

दहाव्याला कावळा शिवेना. काका म्हणाले, आईला सांभाळू. मी म्हणाले, उडवणाऱ्याला शोधून काढीन. कावळा आपला बाभळीवर बसून. ऊन चढत चाललं. शेवटी विलास पुढे झाला, हात जोडून रडत म्हणाला, “गण्या, दुसरा भाग निघाला की म्या तुज्यासंगंच खेळीन रे. शब्द हाये माजा.”

कावळा सरळ झेपावला आणि पिंडाला शिवला. सगळे हमसून हमसून रडले. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं जो तो म्हणाला. मीही म्हणाले.

पुढं भाऊबीज आली. मी हट्ट्याला गेले, पण ओवाळायचं कुणाला? आई म्हणाली, संध्याकाळी चंद्राला ओवाळ. तेवढ्यात विलास नवा शर्ट घालून दारात. “ताई, मी हाये ना.” मला भरून आलं. पाट मांडला. आई म्हणाली, “आधी गणूचा तो घोडेवाला लावा रे जरा. कानावर आवाज तरी पडू द्या.” गणेशचं खेळायचं रिमोट त्याच्या फोटोपुढे होतं, वायर गुंडाळून, वर हळद-कुंकू. विलासनं आपलं रिमोट जोडलं. मी फुंकर मारली.

तांबडा घोडा सुरुवातीलाच उभा राहिला, निळा एकटाच पुलापर्यंत गेला. चोर पळाला. २ चा आकडा आला... आणि विझला. पडद्यावर पुन्हा तोच पूल. आता पांढऱ्या घोड्यावर विलासचा निळ्या सदऱ्याचा स्वार होता. आणि मागून तांबडा घोडा येत होता.

“अगं ताई, निघाला की दुसरा भाग!” विलास हसून बटणं दाबायला लागला. तांबड्यानं त्याला गाठलं, मागून धडक दिली, स्वार खाली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मागूनच. विलासनं वळून फोटोकडं पाहिलं. “गण्याचं रिमोट कोण दाबून राहिलं?”

रिमोट होतं तिथंच होतं, वायर गुंडाळलेली.

पुढच्या वेळी पडलेला स्वार एक हात वर करून हलवायला लागला. तांबडा स्वार शेजारी उभा राहून नुसता बघत होता. विलासनं आपलं रिमोट खाली टाकलं.

“बंद कर ताई.”

“काहून रे?”

“बंद कर म्हणलं ना! हात हलवून राहिला तो... गण्याबी असाच हलवत व्हता...”

ओवाळणीचं ताट माझ्या हातात होतं. आई हळूच म्हणाली, “तुला कसं ठावं रे, इलास?”

मग तो ढसाढसा रडला. पिकअप चालवताना मोबाईलवर बोलत होता, गणेश दिसलाच नाही. आरशात पाहिलं तेव्हा गणेश हात हलवत होता. भ्यालो आणि निघून गेलो, म्हणाला. “माय, माफ कर,” म्हणत आईच्या पायाशी गेला. आईनं पाय आवरून घेतले.

मी ताट फोटोपुढे ठेवलं, ठाण्यात फोन लावला आणि दाराला आतून कडी घातली. मग त्याचं रिमोट उचलून त्याच्या हातात कोंबलं. “खेळ. शब्द दिलायस ना त्याला? खेळ.” पोलीस येईपर्यंत मी त्याला थांबू दिलं नाही. तो रडत खेळत होता आणि तांबडा घोडा त्याला पाडत होता. मला जराही दया आली नाही. आजही येत नाही.

केस चालू आहे. कॅसेट मी हिंगोलीत दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, पुलाच्या पुढं यात काहीच नाही. घरी मी अनेकदा फुंकर मारून लावून पाहिली, दर वेळी २ च्या आकड्यावर थांबते. विलासच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर मी आणि आईनं काय पाहिलं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कावळा माझ्या शब्दाला का हलला नाही आणि विलासच्या शब्दाला का आला, हे मात्र आता आम्हा दोघींना कळतं.