उतार देवाचा

घाटमाथा आला की आमचा जीपवाला (मी त्याला भाऊ म्हणायचे) गाडी न्यूट्रल करायचा, इंजिन बंद करायचा आणि आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचा, "उतार देवना शे, बाई. तठे डिझेल कशाले जाळू?"

मी डोंगरातली नवी नर्स. कडक इस्त्रीची साडी, जगाला धीर देणारी. आणि ही धीराची पुतळी तळोद्याला परतताना पहिल्याच वळणावर किंचाळायची, "गिअरमध्ये घाला हो गाडी!" जीपमधल्या कोंबड्यासुद्धा गप्प असत, ओरडायची ती मीच.

तुमच्या रस्त्यालाही असा एखादा हट्टी असेलच. आमच्या या हट्ट्याने म्हातारपणी जीप विकली आणि मुलाशी भांडून विजेची गाडी आणली. स्टँडवर चेष्टा सुरू झाली, "आबा, डोंगरमा वायर कितली लांब लावशी?"

पहिल्या फेरीला मी हौसेने पुढे बसले. तो हळूच म्हणाला, "अडकनूत तं पोऱ्या गाडी विकी टाकी, बाई."

तेव्हा चार्जर फक्त खाली तळोद्यात. चढाने बॅटरी अशी खाल्ली, की वर पोचेपर्यंत पडद्यावरचा आकडा लाल. "उतार शे ना!" म्हणत परतताना त्याने सवयीने न्यूट्रल केलं. गाडी सुसाट सुटली. ब्रेकचा जळका वास आला. आकडा लालच. घाटाखाली अजून मैदानातला रस्ता उरला होता.

मी किंचाळले. आजी झाले तरी तीच किंकाळी, शब्दही तेच.

"तुम्ही काही सुधरावं नही," म्हणत, केवळ माझं तोंड बंद व्हावं म्हणून, त्याने गिअर टाकला. कुणी मागून शेपूट धरावं तशी गाडी आवरली. आणि आकडा वाढला. पुढच्या वळणावर पुन्हा वाढला. ना तार, ना चार्जर; उतारावर फिरणारी चाकंच बॅटरी भरत होती. अख्खा सातपुडा आमच्या गाडीत वीज ओतत होता. विज्ञान मला कुठलं, ती किंकाळी निव्वळ भीतीची होती. श्रेय मात्र मी अजून सोडलेलं नाही.

पायथ्याशी त्याने गाडी थांबवली. खाली उतरून टोपी काढली, डोंगराकडे पाहत राहिला.

"इतला वरीस देव दी ऱ्हायना व्हता बाई, अन् मी सांडी ऱ्हायनू व्हतू."

भाऊ गेला. आता वर डोंगरातही चार्जर आहे. सुरतेहून आलेले पाहुणे चहा होईस्तोवर गाडी भरून घेतात. पुढे म्हणे घोट घेईपर्यंत भरेल. भाऊची गाडी मुलगाच चालवतो. पहिल्या वळणावर मी ओरडते, तो हसतो, "गिअरमाच शे, मावशी!"

पायथ्याशी मात्र तो न सांगता थांबतो. डोक्यावर टोपी नसते, तरी हात तिथवर जातो.