बेकरी हलली, घर तिथेच

तिला डावं-उजवं कळत नसे. लहानपणापासूनच. सासूबाई म्हणत, "हिला जेवताना तोंड सापडतं हेच देवाचे उपकार!" आणि अशी बाई घरोघरच्या आजाऱ्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारी व्हॅन चालवायची. देवाने हातात फोन दिला म्हणून निभावलं. तो सांगेल तिकडे चाक वळवायचं, वाद घालायचा नाही.

फोनचीही एक खोड होती. गल्लीबोळातल्या घराचा पत्ता टाकला की तो भलतीच ठिकाणं पुढे करी. दुकानं मात्र चटकन सापडत. मग तिने युक्ती काढली, घराशेजारचं दुकान शोधायचं. चष्मेवाला टाकला की आजारी शिक्षिकाबाई सापडत, बेकरी टाकली की खोकणारे आजोबा.

"माणसं आजारी, आणि तू शोधतेस दुकानं," सासूबाई टोमणा मारत. ती हसून सोडून देई.

एका सकाळी आजोबांकडच्या आजींचा फोन आला. "मुली, सिलिंडरचा काटा लालवर आलाय गं. ह्यांना धड बोलवत नाहीये."

"निघालेच, आजी."

तिने बेकरी टाकली आणि व्हॅन काढली. पूल लागला तेव्हा मनात पाल चुकचुकली, कारण एरवी वाटेत पूल नसायचा. रस्ता खणला असेल, म्हणून फिरवून नेत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग फोन म्हणाला, पोचलात. समोर चकचकीत नवी बेकरी, पाटीवर नाव तेच. शेजारी आजोबांचं दार नव्हतं. "शेजारच्या आजोबांचं घर कुठे गेलं?" तिने हाक मारून विचारलं.

बेकरीवाला हात पुसत बाहेर आला. "आम्ही गेल्या आठवड्यात हललो, बाई. घरं कशी हलतील?"

आजींचा फोन साधा बटणांचा, त्यावरून ठिकाण पाठवता येईना. "देवा," ती पुटपुटली, "माझं चुकलं, पण शिक्षा त्यांना नको."

"कोण, ते खोकणारे आजोबा? माझं पहिलं गिऱ्हाईक!" बेकरीवाला पिठाच्या हातांनीच शेजारच्या सीटवर चढला. "चला."

"मला डावं-उजवं म्हणू नका हं. कळत नाही."

"बरं. मग माझ्याकडे वळा, तुमच्याकडे वळा, असं म्हणतो. जमेल?"

जमलं. आजी दारातच उभ्या होत्या. आजोबांचे ओठ निळसर पडले होते. तिने नळी जोडली, चावी फिरवली आणि त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिली. हळूहळू ओठांवर रंग परतला. आजींनी डोळ्यांना पदर लावला.

मग ती उंबऱ्यात गेली, फोनवर त्याच जागेची खूण केली आणि आत डोकावून विचारलं, "आजी, नाव काय टाकू?"

"ह्यांचंच टाक की. दुकानाचं काय, आज इथे, उद्या तिथे."

मास्कच्या आतून आजोबा पुटपुटले, "आणि आम्ही?"

ती म्हणाली, "तुम्ही हलायचं ठरवलंत, तर आधी मला कळवायचं."

आजोबा हसले. मास्क वाफेने भरून गेला.

बेकरीवाल्याला पुलापलीकडे सोडून ती तशीच चष्मेवाल्याच्या गल्लीत गेली. दुकान जागच्या जागी होतं. तरी तिने शिक्षिकाबाईंची बेल वाजवली.

"आज माझा सिलिंडर आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुमचं घर नीट बघून घ्यायला आलेय."