माझाच गळका ब्रेक सिलिंडर पुन्हा विक्रीला

मंडळी, तासाभरापूर्वीचं सांगतो.

माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक सिलिंडर गळत होता. नवा कुठेच मिळेना, म्हणून दुपारी भंगारच्या दुकानातून एक जुना घेतला. माझा खराब तिथेच टाकला.

गॅरेजवर मेकॅनिक म्हणाला, "याच्या ऑइलच्या डबीले झाकण नाही भाऊ. तुमच्या जुन्याचं घेऊन या."

परत गेलो. माझा सिलिंडर धुऊनपुसून काउंटरवर ठेवला होता. दुकानदार एका काकांना सांगत होता, "चालू गाडीचा आहे, डोळे मिटून लावा."

मी म्हणालो, "काका, घेऊ नका. माझ्याच गाडीचा आहे तो, गळून राहिला."

काका निघून गेले.

दुपारी दुकानदाराने मलाही हेच सांगितलं होतं.

सकाळी मुलीला शाळेत सोडायचं आहे. तुम्ही लावाल का त्याच्याकडून घेतलेला हा सिलिंडर?