डिगरीनंतरचा डिप्लोमा

मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि त्या दिवसापासून घरातले सगळे तिचे मास्तर झाले. मी चौथी शिकलेली, म्हणून मला कोणी काही विचारत नाही. ही मोठी सोय आहे. ज्याला विचारलंच नाही, त्याचं चुकतही नाही.

तिने मेहकरच्या कॉलेजातल्या मॅडमना विचारून सगळी माहिती आणली होती. भौतिकशास्त्रानंतर एका वर्षाचे डिप्लोमे असतात. सौर ऊर्जेचा असतो, कारखान्यातल्या यंत्रांचा असतो, कॉम्प्युटरचा असतो. तिला उपग्रहाच्या फोटोंवरून जमीन, पाणी, पीक ओळखून नकाशे करायचा डिप्लोमा हवा होता. अर्जाला तीन दिवस उरले होते आणि त्यावर वडिलांची सही लागत होती. आमचे हे सहीला तयारच होते, फक्त मोठ्या भावाला विचारल्याशिवाय यांच्या पेनाचं टोपण निघत नाही.

म्हणून भासरे आले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलत नाहीत. काही सांगायचं तर मध्ये लेकरू उभं करायचं. "मोठेबाबांले विचार, चहा घेता का." तिकडून उत्तर, "मायले सांग, घेतो." दोघांत चार हातांचं अंतर, पण निरोप पोरीने न्यायचा.

"डिगरी झाल्यावर डिप्लोमा?" भासरे म्हणाले. "अवं, तो दहावीनंतर करतात. आमच्या पोरानं केला ना. तू तं वर चढून खाली उतरून राह्यली."

त्यांच्या मुलाने खरंच केला. डिप्लोमा तीन वर्षांचा होता. पाचवं वर्ष आहे, अजून करतोच आहे.

"मोठेबाबा, हा डिगरीनंतरचा हाय," मुलगी म्हणाली.

"मंग त्याले डिप्लोमा काऊन म्हणतात?"

"दादाचं बराबर हाय," हे म्हणाले. दादाचं बरोबर आहे हे कळायला यांना ऐकावंही लागत नाही.

"बीएड कर," भासरे मुलीला म्हणाले. "नाहीतं बँकेचा क्लास लाव. उपग्रहातून काय पाह्यतं? आपलं वावर? ते तं इथूनच दिसते."

मुलीने अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. ती रडली असती तर मी गप्प बसले असते. पण तिने घडी अगदी नीट घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.

मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं, तेव्हा भासऱ्यांनी मोजणीला एक मुलगा बोलावला होता. आमच्या मुलीहून दोन वर्षांनी मोठा असेल. भासऱ्यांनी त्याला वाटीवर वाटी आमरस वाढायला लावला होता आणि दर वाटीला साहेब म्हटलं होतं. त्याचं शिक्षण मी दाराआडून ऐकलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं, "बाई, मोठेबाबांले विचार, धुरा मोजाले आले होते ते साहेब काय शिकले होते?"

मुलीने प्रश्न जसाच्या तसा पोचवला.

"बीएस्सी," भासरे म्हणाले. मग बशीत चहा ओतत, "अन् ते नकाशाचं काहीतरी."

"विचार, ते काहीतरी म्हणजे डिप्लोमाच ना?"

हे चोवीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराकडे नीट पाहत होते.

"मायले सांग," भासरे म्हणाले, "चहात साखर कमी हाय."

मी साखर दिली. चहा संपवून ते यांच्याकडे वळले. "सही कर बे. आता काय मुहूर्त पाह्यतं?"

आता ते स्टँडवर सांगतात की हा डिप्लोमा त्यांनीच शोधला, आणि खरा डिप्लोमा डिगरीनंतरचाच असतो.

मुलगी डिप्लोमाला गेली आणि निरोप न्यायला घरात कोणी उरलं नाही. परवा भासरे आले. मी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला आणि मीच त्यांना म्हटलं, "साखर पाहून घ्या."