आईचं रक्त

विजया देशकर रायपुरात आली ती नव्या राज्याबरोबर. नवरा शेखर भोपाळला पाटबंधारे खात्यात बाबू. छत्तीसगड वेगळं झालं तशी कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली आणि शेखर इकडच्या वाट्याला आला. सामान ट्रकने पुढे गेलं. ही दोघं मात्र वाटेत गोंदियाला उतरली, कारण विजयाची धाकटी बहीण प्रेमला तिथल्या दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती. प्रेमलाचा नवरा आधीच्याच उन्हाळ्यात गेला होता. त्याला कावीळ म्हणाले, हिला टीबी म्हणाले. शेवटी शेवटी नर्स हातमोजे घातल्याशिवाय प्रेमलाच्या खाटेपाशी येत नसत. विजयाने ते पाहिलं, पण विचारलं नाही.

तेरवी आटोपून दोघं रायपूर स्टेशनावर उतरली तेव्हा विजयाच्या कडेवर प्रेमलाची लेक होती, अनुश्री. अजून दात यायचे होते.

नव्या गावात कोणाला काय ठाऊक? तेलीबांध्याला भाड्याचं घर मिळालं. शेजारच्या सरोजिनीकाकू पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पहिलीच का वं?" विजयाला लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. "हव," ती म्हणाली. एकदा हव म्हटल्यावर मागे फिरायला वाट उरत नाही. पुढे काकू येता-जाता म्हणायच्या, "पोट्टी तुह्यावरच गेली. नाक तर काढून लावल्यावानी!" विजया हसून घ्यायची. बहिणी-बहिणींचं नाक एकच होतं.

अनुश्री बोलू लागली ती हिंदीतच. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. शाळेत हुशार. पण अंगी काही लागायचं नाही. कान वाहायचा, तोंड यायचं, दर थंडीत छाती भरायची. रायपुरात पोर वाळलं की आधी रक्तातलं सिकलिंग, म्हणजे सिकलसेल, बघतात. तेही बघून झालं, नाही निघालं. काकूंनी नजर उतरवली. कुणी म्हणालं जंत असतील. दुसरीत गेल्यावर तिला वर्षात तिसऱ्यांदा निमोनिया झाला आणि शेखरने तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती केलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने विजयाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की एक तपासणी राहिली आहे, एचआयव्हीची. विजयाने वळून अनुश्रीच्या खाटेकडे पाहिलं.

"घाबरू नका," डॉक्टरीण हिंदीत म्हणाली. "आपल्याकडे लहान मुलांत हे फार कमी सापडतं. मुलाला येतं ते बहुधा आईकडूनच. हिच्या शिरा आता सापडत नाहीत, टोचून टोचून पोरीचे हात काळे पडलेत. म्हणून आधी तुमचं रक्त बघू. तुमचं ठीक निघालं तर हिला कशाला छळायचं?"

विजयाने तोंड उघडलं. अनुश्री खाटेवरून बघत होती. विजयाने तोंड मिटलं आणि हात पुढे केला.

रक्त साफ निघालं. निघणारच होतं. डॉक्टरिणीचा चेहरा खुलला. "चला, एक चिंता गेली! औषधं लिहून देते, परवा दाखवायला आणा." सुट्टी मिळाली.

व्हरांड्यात शेखर म्हणाला, "झालं ना मग? सुटलो."

"काय सुटलो? मी तिची आई आहे का?"

"हळू बोल! पोट्टी ऐकते. डॉक्टरच म्हणते ठीक आहे, तर आपण काहून उकरून काढायचं? काकूले कळलं, शाळेत कळलं तर? अन् अनूले काय सांगशीन?"

विजयाची स्वतःचीही एक भीती होती. मम्मी म्हणून हाक मारणारं जगात एकच होतं, आणि तेही आपण एका वाक्यात गमावून बसू असं तिला वाटत होतं. ती स्कूटरपर्यंत चालत आली.

अनुश्रीला स्कूटरवर पुढे उभं राहायला आवडायचं. शेखरने एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने पोरीला दंडाखाली धरून वर घेतलं. एका हाताने. दुसरीतली पोर, आणि बाजाराची पिशवी उचलावी तशी ती अलगद वर गेली. शेखरलाही ते जाणवलं असावं. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"हिले रस पाज," विजया म्हणाली. "मी आली."

डॉक्टरीण दुसऱ्या खाटेशी होती. विजया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दम लागला असतानाच म्हणाली, "मॅडम, इसको मैंने जन्म नहीं दिया. मेरी बहन की है. वो टीबी से गई." मग हातमोज्यांचंही सांगितलं. डॉक्टरीण रागावेल असं तिला वाटलं होतं. तिने फक्त हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "बच्ची कहाँ है? बुलाइए."

अनुश्रीचं रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं. तिन्हींनी एकच सांगितलं, आहे.

त्यानंतरचे दिवस विजयाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पण औषध होतं, सरकारी होतं, फुकट होतं. रोज सकाळ-संध्याकाळ, वेळ न चुकवता, जन्मभर. औषधाच्या खोलीत नोंद करणाऱ्या बाईंनी विचारलं, "माँ कौन?" अनुश्री शेजारीच उभी होती. "मीच," विजया म्हणाली. मग आवाज खाली न आणता पुढे म्हणाली, "जनम देनेवाली का नाम प्रेमला."

"प्रेमला कौन?" अनुश्रीने तिथेच विचारलं.

ऑटोत विजयाने सांगितलं. आजाराचं नाव ती मोठी झाल्यावर सांगायचं ठरलं होतं, ते राहू दिलं. बाकी सगळं सांगितलं. पोरगी ऐकत होती, बाहेर तेलीबांध्याचं तळं बघत होती.

"तो आप मम्मी नहीं हो?"

"आहे ना."

"फिर ठीक है. उनका फोटो है?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेच्या तळातून फोटो निघाला. अनुश्रीने तो आरशाजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि पळतच फाटकाशी गेली. सरोजिनीकाकू उन्हात वड्या वाळत घालत होत्या.

"काकू, मैं मम्मी पे नहीं गई!"

"मंग कोनावर गेली वं?"

"प्रेमला मम्मी पे. मेरी दो-दो हैं. नाक देखो!"

शेखर पेपर ठेवून उठला. विजयाने त्याला हात धरून खाली बसवलं. बाहेर काकूंनी वड्यांचं ताट खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "दाखव तर फोटो. अगं बाई, हे तर तुहंच नाक! थांब, हात बेसनाचा आहे माझा. धर तूच."

विजयाने घड्याळ पाहिलं. औषधाची वेळ झाली होती. तिने पाण्याचा पेला भरला आणि दारातून हाक मारली, "अनू, चल."

"आ रही हूँ, मम्मी!" पोरगी ओरडली. काकू आत येतील, विचारतील. विजयाने दार उघडंच ठेवलं.