माझ्या साडूंचा वर्ग

माझ्या साडूंइतका संशयी वाचक उभ्या नागपुरात दुसरा नसेल. कोणताही कागद हातात आला की हे गृहस्थ तळच्या ओळीपासून वर चढत जातात. गांधीबागेत बायकोसाठी साडी घ्यायला गेले, गल्ल्यावर पडलेल्या कोणाच्या तरी पावतीच्या तळाशी 'माल परत होणार नाही' वाचलं आणि साडी न बघताच बाहेर पडले. माझी मेहुणी दोन दिवस बोलली नाही. ती शांतता त्यांना मानवली. 'मोठं अक्षर भुलवते, बारीक अक्षर चावते,' असं ते म्हणतात. मौद्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून माणूस एवढंच शिकला.

निवृत्तीनंतर ते नागपूरला लागून असलेल्या वाडीत राहायला आले आणि माझ्या गळ्यात पडले. मी जिथलं ऑफिस सांभाळतो, त्या गोदामातल्या पॅकिंगच्या अकरा बायकांना इंग्रजी वाचायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. लेबलं चुकणार नाहीत म्हणून मालकही खूश. मी भिंतीवर लावलेला एबीसीडीचा तक्ता साडूंनी पहिल्याच दिवशी उतरवला. 'या बायायले सफरचंद काहून शिकवता? खोक्यावरचं वाचू द्या!' मग खोकी, ट्रकवाल्यांच्या बिल्ट्या, मालाच्या पावत्या, सगळं बोट ठेवून वाचायचं. मात्र हुरूप यावा म्हणून इंग्रजी सही त्यांनी सर्वांत आधी गिरवून घेतली, आणि घात तिथेच झाला.

मालकाला माणसं कमी करायची होती. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे, माझी कोणतीही मागणी नाही,' असा इंग्रजी कागद त्याने मला टाइप करायला सांगितला. मी केला. हजेरीचा नवा फॉर्म आहे, असं बायकांना सांगितलं तेही मीच. दहाजणींनी झोकात इंग्रजी सह्या ठोकल्या आणि एकमेकींची अक्षरं बघून हसल्या. चाळिशी उलटलेल्या इंदूबाई मात्र कागद घेऊन खाली बसल्या.

'इंदूबाई, सही करा अन् मोकळ्या व्हा,' मी म्हणालो.

'वाचून राहिली ना जी.'

अर्ध्या तासाने त्यांचं बोट एका जागी थांबलं. 'नो क्लेम. हे तं मालाच्या पावतीवर राहते, भाऊ. फुटला तरी तक्रार नाही. आमाले काहून लावलं?'

मी बाकीचे दहा कागद गोळा केले. इंदूबाईंनी सही केली नाही. आठवड्याभरात त्यांनाही काढलंच, आणि वर्गही बंद झाला. टाइप कोणी केलं, एवढंच साडूंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. 'सही आधी शिकवली, तिथंच चुकलो गा मी,' ते म्हणाले, आणि त्यांनी कागदाची प्रत मागून घेतली.

आता दर रविवारी त्यांच्या अंगणात त्या अकराजणी जमतात. पहिला धडा म्हणून माझाच कागद वाचतात. तो कोणी लिहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी साडू मला बोलावतात, शेजारी बसवतात, आणि मी जातो. न जाण्याची हिंमत होत नाही. परवा इंदूबाईंनी तो अख्खा कागद अडखळत वाचून काढला आणि घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, सापडला नाही.

'भाऊ, तुमचं इंग्रजी सोपं आहे जी,' त्या म्हणाल्या. 'आमाले वाचता येते.'